स्वच्छ विजेचा मैला कोण उचलणार?

मागच्या महिन्यात आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गात एका पोराने मला थेट विचारले, "ताई, बाबासाहेब तर वीज आणि उद्योगांच्या बाजूने होते. मग अणुऊर्जेचा विषय निघाला की आपले लोक झोळीवाल्या पर्यावरणवाद्यांच्या मागे जाऊन का उभे राहतात? गांधींचा चरखा नको म्हणणारे आपण, आता अणुभट्टीही नको म्हणायची का?"

पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाचतो, विचार करतो. त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो आता एकट्याचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत जगाची अणुवीज क्षमता तिप्पट करण्याची घोषणा केली. भारताने त्यावर सही केली नाही. पण फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे लक्ष्य जाहीर केले. त्या वेळी आपली क्षमता नऊ गिगावॉटच्याही आत होती आणि देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा जेमतेम तीन टक्क्यांचा. म्हणजे बावीस वर्षांत अकरापटीहून जास्त उडी. एवढी मोठी गोष्ट होणार असेल तर आंबेडकरी तरुणाने त्यावर भूमिका घेतलीच पाहिजे. उसनी नव्हे, स्वतःची.

आधी जे खरे आहे ते मान्य करू. अणुभट्टीतून कोळशासारखा धूर निघत नाही. खाणीपासून बांधकामापर्यंत सगळे धरले तरी अणुविजेच्या एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइड १२ ग्रॅमच्या आसपास, तर कोळशाच्या विजेमागे ८२० ग्रॅम, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीचा २०१४ चा अहवाल सांगतो. कोळसा काही आपला सोयरा नाही. चंद्रपूर आणि कोराडीची राख कोणाच्या घरांवर पडते ते आपल्याला माहीत आहे. तापमान वाढले की सगळ्यात आधी कोण पोळतो? पत्र्याच्या घरात राहणारा, नाक्यावर उभा राहणारा, बांधकामावर विटा वाहणारा. म्हणून "पूर्वीचे साधे गावच बरे होते" म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहूच शकत नाही. त्या साध्या गावात आपल्याला पाणवठा बंद होता.

पण प्रश्न इथे संपत नाही. इथून सुरू होतो.

'स्वच्छ' हा शब्द कोणाचा?

स्वच्छ हा शब्द ऐकला की आपले कान टवकारले पाहिजेत. या देशात स्वच्छता ही कधीच नुसती केरकचऱ्याची गोष्ट नव्हती. ज्याच्या अंगणात मैला दिसत नाही तो स्वच्छ. ज्याने तो डोक्यावरून वाहिला तो अस्पृश्य. घाण करणाऱ्याला विटाळ नाही, उचलणाऱ्याला विटाळ! गावाची स्वच्छता म्हणजे गावची घाण गावकुसाबाहेर नेऊन टाकणे. जगाची 'स्वच्छ ऊर्जा' आज हाच हिशेब मोठ्या नकाशावर मांडते आहे. अणुभट्टीच्या तोंडाशी धूर मोजायचा आणि प्रमाणपत्र द्यायचे. खाणीत कोण उतरले, उरलेला गाळ कोणाच्या शेजारी साठवला, भट्टीच्या दुरुस्तीला कंत्राटावर कोण आत गेले, हे त्या प्रमाणपत्रावर लिहायला जागा नसते.

जादूगोडा हे नाव आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातले हे गाव. इथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी कंपनी युरेनियम काढते आहे. भाग संथाळ, हो, मुंडा आदिवासींचा, संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला. इथले खनिज इतके हलके आहे की एक टन दगड फोडला तर एक किलोसुद्धा युरेनियम हाती लागत नाही. युरेनियम पुढे हैदराबादला जाते. उरलेला जवळजवळ सगळा टन दळून, रसायनांतून काढून, गाळ म्हणून गावांशेजारच्या तलावांत सोडला जातो. युरेनियम गेले तरी त्याच्यासोबतचे रेडियम त्या गाळात राहते, आणि त्याचे आयुष्य हजारो वर्षांचे आहे. १९९६ मध्ये अशाच एका तलावासाठी चाटीकोचा गावातली घरे पाडली गेली. डिसेंबर २००६ मध्ये डुंगरीडीहजवळ गाळ वाहून नेणारी नळी फुटली आणि तो विषारी चिखल ओढ्यात गेला. २००७ मध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेने पाहणी करून सांगितले की खाणीजवळच्या गावांत जन्मजात व्यंगे आणि वंध्यत्व जास्त आहे. कंपनीने ते नाकारले. ठीक आहे, मतभेद असू शकतात. मग स्वतंत्र तज्ज्ञांकडून घरोघर तपासणी करून सगळे आकडे गावापुढे ठेवायला काय हरकत होती? पण अणुऊर्जेच्या १९६२ च्या कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. ज्याच्या विहिरीत विष आहे की नाही हा प्रश्न आहे, त्यालाच उत्तर मिळत नाही.

या गावावर श्रीप्रकाश यांनी १९९९ मध्ये माहितीपट केला. नाव 'बुद्धा वीप्स इन जादूगोडा'. जादूगोड्यात बुद्ध रडतो. १९७४ च्या पोखरण चाचणीला 'स्मायलिंग बुद्धा' हे नाव चिकटले आणि १९९८ ची चाचणी तर थेट बुद्धपौर्णिमेला झाली. करुणेच्या महासागराला बॉम्बच्या बारशाला बसवले आणि आपण, त्याचे अनुयायी म्हणवणारे, फारसे बोललो नाही. बॉम्ब आणि वीज वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळते. पण दोन्हींची सुरुवात होते त्या खाणीत कोणी जावे, हे ठरवणारी व्यवस्था एकच आहे.

हे फक्त भारतात घडते असेही नाही. अमेरिकेत १९४४ ते १९८६ या काळात नवाहो या मूळनिवासी लोकांच्या भूमीतून सुमारे तीन कोटी टन युरेनियम खनिज काढले गेले. आज तिथे पाचशेहून अधिक बेवारस खाणी पडून आहेत. आफ्रिकेतल्या नायजरने पन्नास वर्षे फ्रान्सच्या अणुभट्ट्यांना युरेनियम पुरवले. पॅरिस उजळले, आणि नायजरमध्ये आजही पाचांत एका माणसाच्याही घरी धड वीज नाही. तिथली अकुटाची खाण २०२१ मध्ये बंद झाली, मागे सुमारे दोन कोटी टन किरणोत्सारी गाळ ठेवून. जात भारताची, वर्णभेद अमेरिकेचा, वसाहत आफ्रिकेतली. गावकूस मात्र सगळीकडे सारखेच.

कचरा फिरत फिरत कुठे येतो?

२०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काही कामगारांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले. दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे उपकरण भंगारात विकले होते. कामगारांनी ते हातांनी फोडले. एकाचा जीव गेला, बाकीचे आजारी पडले. हे वीज केंद्रातले साहित्य नव्हते, मान्य. पण देशाच्या राजधानीत, नामांकित विद्यापीठातली किरणोत्सारी वस्तू विनानोंद भंगारवाल्याच्या हातोड्याखाली येते, तर अकरापट अणुकचऱ्याची नोंद कोण ठेवणार? या देशात हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये आला आणि गटारात माणसे अजून मरतात. कागदावरचा नियम आपल्या वस्तीपर्यंत पोहोचता पोहोचता काय होतो, याचा अनुभव आपल्याइतका कोणाला आहे?

"मग फिनलंडने कसे केले?" असे विचारले जाते. जरूर पाहा. फिनलंडने युराजोकी इथे खोल खडकात अणुकचरा पुरण्याची व्यवस्था उभारली. पण तिथल्या कायद्याने स्थानिक पालिकेला 'नाही' म्हणण्याचा अधिकार दिला होता. तिने मतदान केले, मग काम पुढे गेले. आणि आपल्याकडे? जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प ठरला, तेव्हा परिसरातल्या ग्रामपंचायतींचा विरोध कोणी जुमानला? एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात साखरीनाट्याचा एक तरुण मच्छीमार मेला. तारापूरला १९६९ मध्ये देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तिथेच पुढच्या दोन भट्ट्यांसाठी उठवलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. तंत्रज्ञान परदेशातून आणता, मग 'नाही' म्हणण्याचा अधिकार तेवढा विमानतळावर का विसरता?

बाबासाहेब काय म्हणाले होते?

आता त्या पोराच्या मूळ प्रश्नाकडे येते. होय, बाबासाहेब विजेच्या बाजूने होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना सिंचन आणि विजेचे कामही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या काळात आकाराला आली. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण उद्योगांशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. गांधीवादावर लिहितानाही त्यांनी यंत्राची बाजू घेतली. पण तिथेच त्यांनी पुढचे सांगितले, जे आपण विसरतो. दोष यंत्राचा नाही. खासगी मालमत्ता आणि नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून विजेची चर्चा करताना मालकी कोणाची, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी घटनात्मक तरतूद म्हणून मांडली.

या कसोटीवर आजचे धोरण घासून पाहा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा कायदा मंजूर केला. नियामक मंडळाला त्याने वैधानिक दर्जा दिला, ही चांगली गोष्ट. पण त्याच कायद्याने अणुवीज केंद्रांचे दार खासगी कंपन्यांना उघडले. सरकारी अणुवीज महामंडळात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण आहे. खासगी कंपनीत आहे का? नाही. म्हणजे नियंत्रण कक्षातली खुर्ची आपल्या पोरांच्या हातून जाणार, आणि आत जाऊन पुसण्या-धुण्याचे कंत्राटी काम मात्र आपल्याच वस्तीत येणार. वर्णव्यवस्थेला अणुभट्टीत शिरायला पासही लागणार नाही!

आणि अपघात झाला तर? भोपाळ आठवा. हजारो माणसे मेली, तीही कारखान्यालगतच्या वस्त्यांतली, आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर हिशेब मिटवला गेला. ती जखम ताजी होती म्हणून २०१० च्या दायित्व कायद्यात, सदोष यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीकडून वसुली करण्याची तरतूद आली. परदेशी कंपन्यांना हीच तरतूद खुपत होती. नव्या कायद्याने ती काढून टाकली. मोठ्यात मोठ्या केंद्राच्या चालकाची जबाबदारी ३,००० कोटी रुपयांवर थांबते, लहान भट्टीची १०० कोटींवर. त्यावरचे, तेही एका मर्यादेपर्यंत, सरकार देणार. म्हणजे आपल्याच कराच्या पैशातून. फुकुशिमाच्या कंपनीने आजवर दिलेली भरपाई रुपयांत पाच लाख कोटींच्या वर जाते. तुलना तुम्हीच करा. भट्टी इतकी सुरक्षित आहे तर जबाबदारी घ्यायला कंपनी घाबरते कशाला? आणि कंपनी घाबरते, तर माडबनच्या बाईने का घाबरू नये?

'हवामान संकट आहे, वेळ नाही' हे कारणही तपासून घ्या. जैतापूरसाठी ठरवलेल्या जातीचीच भट्टी फ्रान्समध्ये फ्लामांविलला २००७ मध्ये बांधायला घेतली. ती डिसेंबर २०२४ मध्ये वीज देऊ लागली. खर्च मूळ अंदाजाच्या चौपट. घाई असलेल्या माणसाने सतरा वर्षांचा रस्ता धरावा का?

पण सौरऊर्जा म्हटले की सगळे पवित्र झाले, असेही मी म्हणणार नाही. आपल्या राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरान जमिनी दिल्या जात आहेत. याच गायरान आणि पडीक जमिनींसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये हजारो माणसे तुरुंगात गेली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या भूमिहीनाला उठवून पॅनेल लावले, तर ती वीजही स्वच्छ नाही. आपली कसोटी तंत्रज्ञानाची जात पाहत नाही. ती ओझे कोणाच्या डोक्यावर आहे ते पाहते.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी. अणुविज्ञानाला विरोध नाही. आजच्या अटींवरच्या अणुवीज विस्ताराला मात्र ठाम विरोध. आपल्या अटी या:

१. ग्रामसभेला 'नाही' म्हणण्याचा कायदेशीर अधिकार, खाणीसाठीही आणि भट्टीसाठीही.

२. यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीचे दायित्व पुन्हा कायद्यात आणा आणि भरपाईवरची मर्यादा काढा.

३. प्रत्येक कंत्राटी कामगाराच्या किरणोत्साराची आयुष्यभराची नोंद, त्याच्या स्वतःच्या हातात, आणि काम सुटल्यानंतरही मोफत उपचार.

४. जादूगोड्याची स्वतंत्र आरोग्य तपासणी आणि तिचे आकडे खुले. आधी जुना हिशेब, मग नवे लक्ष्य.

५. मालकी राज्याची, आणि जिथे खासगी कंपनी येईल तिथे आरक्षण बंधनकारक.

या अटी मान्य झाल्या तर भट्टीच्या बाजूने बोलायला मी स्वतः येईन. मान्य होत नसतील तर का होत नाहीत, हे सरकारने सांगावे.

त्या पोराला मी एवढेच म्हटले, "तू अणुशास्त्रज्ञ हो. जरूर हो. पण भट्टीच्या आत गेलास की एकदा मागे वळून बघ, झाडू घेऊन कोण उभा आहे. तो आपलाच कोणी असेल, तर तिथली वीज स्वच्छ आहे असे कुठल्याही कागदावर सही करून लिहू नकोस."

जय भीम!