नाव कोणत्या यादीत?

ताप्तीच्या खोऱ्यातून येणाऱ्या भुसावळ-सुरत लोहमार्गाने खानदेशातून निघालेली आपली माणसे उधना स्थानकावर उतरली, लिंबायत, नवागाम, डिंडोली या वस्त्यांत बिऱ्हाडे थाटून राहिली, यंत्रमागाच्या खात्यांत दिवसपाळ्या-रातपाळ्या करीत येथेच म्हातारी झाली. परंतु त्यांपैकी कित्येकांचे नाव मतदारयादीत मात्र चोपडे, पारोळे, अमळनेर, शिंदखेडे येथेच राहून गेले. मी स्वतः सुरत शहरात आल्यावर नऊ वर्षे माझे नाव गावच्याच यादीत ठेवले होते, आणि तसे ठेवण्यात जन्मभूमीविषयीची निष्ठा आहे अशी माझी समजूत होती. त्या नऊ वर्षांत मतदानासाठी गावी जाणे एकदाच जमले. आणि ज्या गल्लीतले गटार माझ्या दारावरून वाहत होते, ज्या मराठी शाळेत माझी मुले जात होती, त्यांविषयी बोलण्याचा माझा हक्क मी तेवढा काळ वापरलाच नाही, याची खंत मला आजही वाटते.

मताधिकार कलमात लिहिलेला असतो, पण तो हातात येतो यादीतून. हे जगाने मोठी किंमत मोजून शिकलेले आहे. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेने मत कोणी द्यावे हा प्रश्न बहुतांशी घटक राज्यांवर सोपविला होता. यादवी युद्धानंतर, १८७० साली, पंधराव्या दुरुस्तीने वंश, वर्ण अथवा पूर्वीची गुलामगिरी या कारणावरून कोणाचे मत नाकारू नये असा दंडक घातला खरा. तथापि नावे नोंदविण्याचे दफ्तर त्याच राज्यांच्या हाती राहिले, आणि दक्षिणेतील राज्यांनी कोठे मतदानासाठी डोईपट्टी बसवून, कोठे अक्षरज्ञानाची परीक्षा घेऊन, कृष्णवर्णीयांना जवळजवळ शतकभर यादीबाहेर ठेवले. संघीय निवडणुकांतील ती डोईपट्टी जाण्यास १९६४ ची चोविसावी दुरुस्ती लागली, आणि नोंदणीच्या कचेऱ्यांवर खरा वचक बसण्यास १९६५ चा मताधिकार कायदा. मधल्या काळात, १९२० साली, एकोणिसाव्या दुरुस्तीने स्त्रियांना मत मिळाले. परगावाहून आलेल्या माणसासाठी त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. राज्यात वर्षभर राहिल्यावाचून मत नाही, असा टेनेसी राज्याचा नियम होता. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली रद्द केला.

आपल्या संविधानकारांनी प्रौढ मताधिकार प्रारंभीच दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु यादीचे दफ्तर कोणाच्या हाती असावे, याविषयी घटना समितीत जो विचार झाला तो आपल्या मंडळींना फारसा ठाऊक नाही, आणि तो जणू आपल्यासाठीच झाला होता असे मला वाटते. मूळ मसुद्यात संसदेच्या निवडणुकांसाठी एक आयोग आणि प्रत्येक राज्यासाठी राज्यपालांनी नेमावयाचा वेगळा आयोग अशी व्यवस्था होती. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती बदलण्याची सूचना मांडली, आणि कारण सांगितले ते असे, की काही प्रांतांत तेथील बहुसंख्य लोकांहून वंशाने, संस्कृतीने वा भाषेने वेगळ्या असलेल्या माणसांना यादीत घेतले जात नाही, अशा तक्रारी आल्या आहेत. पुढे १९५२ साली जळगावहून लोकसभेवर निवडून गेलेले हरि विनायक पाटसकर यांनी या चर्चेत केंद्रीकरणाविषयी हरकत घेतली होती. प्रांतांवर एवढा अविश्वास कशासाठी, ही त्यांची भावना मला समजते. पण खानदेश सोडून दुसऱ्या भाषेच्या मुलखात पोटासाठी आलेल्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले म्हणजे बाबासाहेबांचाच पक्ष मला बिनतोड वाटतो. त्यातूनच सर्व देशासाठी एक निवडणूक आयोग स्थापणारे ३२४ वे कलम सिद्ध झाले. आणि धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणाचे नाव वगळता येणार नाही, असे त्याच्या पुढचे ३२५ वे कलम सांगते.

यानंतरच्या दुरुस्त्यांपैकी दोन आपल्या वस्तीशी निगडित आहेत. एकसष्टाव्या दुरुस्तीने १९८९ पासून मताचे वय एकवीसवरून अठरा झाले; अमेरिकेने हेच १९७१ साली सव्विसाव्या दुरुस्तीने केले होते. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने महानगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले आणि तिथे स्त्रियांसाठी निदान एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. गुजरातने ते प्रमाण पुढे निम्म्यावर नेले. लिंबायत हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत झाला आणि २०१२ साली तेथून संगीता पाटील निवडून आल्या. आपले हे मंडळ कोणत्याही पक्षाचे नाही व नसावे. परंतु येथील मराठी मताला वजन आहे, एवढे यावरून कोणालाही उमजावे.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ध्यानात घ्यावे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जेथे सामान्यतः राहतो तेथेच त्याचे नाव लागते. गावी वडिलोपार्जित घर आहे, एवढ्यावरून तो गावचा रहिवासी ठरत नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणे तर कायद्याला मुळीच मान्य नाही. भाडेकरार नाही, घरमालक कागद देत नाही, या सबबीवर पुष्कळजण अर्जच करीत नाहीत. राहण्याचा पुरावा पुरेसा नसेल तर अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन खातरजमा करण्याची तरतूद आहे, तेव्हा अर्ज तरी करावा. प्रथमच नाव घालणाऱ्यांसाठी नमुना क्रमांक सहा, गावाहून येथे बदलून आणणाऱ्यांसाठी नमुना क्रमांक आठ. अठरा वर्षे पूर्ण होण्यासाठी आता जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात, त्यामुळे मुलामुलींना वर्षभर थांबावे लागत नाही.

रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत हे अर्ज भरून देण्यास आम्ही बसणार आहोत. आयाबहिणींना एक विनंती आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी एवढेच लिहविले होते. अर्जाच्या पहिल्या रकान्यात आपले स्वतःचे नाव, शाळेच्या दाखल्यावर वा आधारपत्रावर जसे आहे तसे, आपल्याच तोंडाने सांगावे. लिहिणारा कोणी असो.