गोटा आणि कासरा

गोटमारीचे समर्थक दरवर्षी एक युक्तिवाद हमखास करतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा चढतो, आणि या काठावरून पांढुर्णा व त्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. माणसे दगावतात, डोळे फुटतात. तरीही म्हणावयाचे काय, तर ‘यातूनच पोरगा मर्द होतो!’

मुलगा मोठा होतो म्हणजे काय होते, याचा विचार ज्यांना खरोखर करावयाचा आहे, त्यांनी जॉन स्टाइनबेकचे ‘द रेड पोनी’ वाचावे. त्यातील पहिल्या कथा 1933 साली छापल्या गेल्या. त्याच वर्षी साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहीत होते. श्याम आईच्या चांगुलपणातून घडतो. कॅलिफोर्नियातील जॉडी घडतो तो वडीलधाऱ्यांच्या चुकण्यातून, आणि म्हणून तो आमच्या संस्कारप्रिय समीक्षकांना पचत नाही.

बाप त्याला तांबडे शिंगरू देतो. खरारा, दाणा, पाणी सारे जॉडी करतो. बिली बक हा घोड्यांतला जाणता गडी सांगतो की आज पाऊस येणार नाही. पाऊस येतो, शिंगरू भिजते, आजारी पडते आणि मरते. गिधाडे उतरतात. जॉडी त्यांतील एकाला धरतो आणि दगडाने ठेचून मारतो. पाखराने शिंगरू मारले नाही, हे बाप त्याला ऐकवतो. ते काय त्याला ठाऊक नसते? हातातला दगड हा त्याच्या असहाय दुःखाचा उद्रेक आहे, पौरुषाचा नव्हे. तो मोठा झाला असेल तर रोजच्या खराऱ्याने, आणि भल्या माणसाचाही शब्द खोटा ठरतो हे पाहून. पुढे बिली त्याला दुसरे शिंगरू देण्याचा शब्द पाळतो खरा, पण त्यासाठी स्वतःच्या हाताने घोडी मारून. शब्दाची किंमत जॉडी तेथे पाहतो.

हे शिक्षण सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला परके आहे काय? पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे शेकतो, त्यांस हळद-तूप लावतो. पोराच्या हाती कासरा देऊन धुवायला नदीवर पाठवतो. आता ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले, हे मान्य. पण ज्या दिवशी नागपूरकडे तान्ह्या पोळ्यात लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, नेमक्या त्याच दिवशी येथे त्यांच्याहून थोडी मोठी मुले गोटे वेचतात. एका दिवसाचे हे अंतर नव्हे, एका नदीकाठाचे आहे.

परंपरेचा आधार सांगणाऱ्यांनी स्वतःची दंतकथा तरी नीट ऐकावी. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी घेऊन निघाला, भर पात्रात दोघांवर दगड पडले आणि ती दोघे मेली. म्हणजे आपण दरसाल स्मरण करतो ते प्रेमिकांचे, आणि अनुकरण मात्र त्यांना मारणाऱ्यांचे! चंडीमातेवरची श्रद्धा आम्हांस मान्य आहे. तिला झेंडा पुरतो. ती गोटा मागते असे कोणी कोठे सांगितले?

प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कोणी हाती धरले नाहीत. जमावबंदीचे हुकूम निघतात, काठावर वैद्यकीय पथके बसतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खेळ चालतो. चेंडूने मर्दपणा सिद्ध होत नाही, हीच तर अडचण! 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला; हुकूम काढणारी कचेरी आता जवळ आली इतकेच. गोटा वेचणाऱ्या पोराला त्याचा बाप काय सांगतो, हे कचेरीच्या हाती नाही. बिली बकने निदान चुकल्यावर दुसऱ्या शिंगराचा शब्द दिला होता. येथे पोराचा डोळा गेल्यावर बाप त्याला कोणता शब्द देणार आहे?