अर्ज त्यांच्या टेबलावर, पगार हिचा बंद

"त्यांचा देश, त्यांचे नियम. आपण कोण बोलणार?" ग्रीन कार्डाचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांत हे वाक्य हमखास येतं. आणि म्हणणाऱ्याची स्वतःची पेन्शन एक तारखेला जमा झालेली असते, ही त्यातली गंमत! म्हणून आज जरा भांडायचं ठरवलं आहे.

मंडळी, नियम पाळायला कोण नाही म्हणतंय? अमेरिकेत राहून कायम वास्तव्याचा अर्ज केला की निकाल लागेपर्यंत नोकरीसाठी एक वेगळं कार्ड मिळतं. ईएडी म्हणतात त्याला. माझ्या पुतणीकडे तेच आहे. नवऱ्याचा एच-१बी चालू असला तर त्याचं त्यावर भागतं. हिचं सगळं या कार्डावर. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा फी. तोही साधारण १८० दिवसांहून आधी करता येत नाही, आणि तो कधी हातावेगळा होईल याची हमी नाही.

यावर एक शहाणी सोय होती. वेळेत अर्ज केला असेल तर जुनंच कार्ड आपोआप १८० दिवस चालायचं. २०२२ मध्ये त्याचे ५४० दिवस केले. ३० ऑक्टोबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना ही सोय बंद. वर त्याच डिसेंबरात, २०२३ पासून पाच वर्षांपर्यंत मिळणारं कार्ड जास्तीत जास्त १८ महिन्यांवर आणलं. म्हणजे खेपा वाढवल्या आणि उशिराचा आधार काढून घेतला! कारण काय, तर वारंवार तपासणी हवी. करा की, शंभरदा करा. पण तुम्हाला वेळ लागला तर पगार हिचा का बुडावा?

निवृत्त मास्तरांना विचारा. आपले कागद कुठल्या कचेरीत किती दिवस झोपतात ते मी सांगायला नको. तरी महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. कागद अडकले तरी म्हाताऱ्याची चूल पेटावी, एवढं आपल्या लालफितीलाही सुचलं होतं.

भिवंडीत वीज गेली की माग थांबतो आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराचा दिवस जातो. चूक कोणाची, तूट कोणाची! तोच न्याय आता तिकडे लेखी झाला.

"मग ग्रीन कार्ड मिळेपर्यंत दम धरावा," असंही कोणी म्हणेल. किती? नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारताला आणि आइसलँडला सारखीच! ऑक्टोबर २०२५ मध्ये ईबी-२ वर्गात भारतीयांची रांग एप्रिल २०१३ पर्यंत आली होती. एवढ्यात पहिलीतलं पोर बारावी पास होतं.

असो. नातेवाइकांना एक विनंती. "थोडे दिवस घरी बसायला मिळालं तर बरंच की" असं तिला फोनवर म्हणू नका. दोन पगार धरून घराचा हप्ता बांधलाय तिने, आणि बँक काही ईएडीची वाट बघत नाही.