दारावरची पाटी पावसाळ्याआधी

मैत्रिणींनो, पावसाळ्याआधी दारावरची लाकडी पाटी एकदा उतरवून पाहा. पुढून नव्हे, मागून! मी पाहिली नाही, म्हणून हा अनुभव सांगते.

आमचं येवला पैठणीचं गाव. मामंजी मागावर बसायचे. 'येथे पैठणी मिळेल' ही सागवानी पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली. ते गेल्यावर ती जपावी म्हणून मी इपॉक्सी रेझिन आणलं आणि पुढून जाड थर दिला. पाटी काचेसारखी चकाकली! पण दोन पावसाळ्यांत थर पिवळा पडला, पापुद्रा सुटला आणि त्याच्यासंगे 'पै' निघून आला. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, नुसती पदराने पाटी पुसत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक काय झाली? पाणी मागच्या बाजूने, कडांतून, खिळ्यांच्या भोकांतून शिरलं आणि लाकूड फुगलं. शिवाय इपॉक्सी पाणी अडवते, पण ऊन तिला सोसत नाही.

तेव्हा पाटी आधी खडखडीत वाळू द्या. सुटलेला रंग पॉलिश पेपरने घासा. नवी अक्षरं काढली असतील तर तीही पुरती वाळू द्या. रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घ्या. चहात साखर घालतो तसा अंदाज इथे चालत नाही, बरं का! हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतं. थोडं थोडंच कालवा, एकदम जास्त केलं तर भांड्यातच तापतं. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना लांब ठेवा.

ऊन उतरल्यावर सावलीत पातळ हात द्या, म्हणजे बुडबुडे कमी येतात. पुढची, मागची, चारी कडा आणि भोकं, काही सोडू नका. उभ्या रेषांची कापलेली टोकं जास्त पाणी पितात, तिथे दोनदा द्या. पुरतं कडक झाल्यावर पाण्याने पुसा, हलकं घासा आणि वर उन्हाला टिकणाऱ्या बाहेरच्या कामाच्या व्हार्निशचे दोन-तीन हात द्या. व्हार्निशची चमक गेली की पुन्हा एक हात.

'पै' आम्ही जुन्या फोटोवरून गिरवून घेतला. जरा वेगळा दिसतो, दिसू दे. बाकीची अक्षरं मामंजींचीच आहेत, ती आता माझ्या आळसाने जायची नाहीत.