काजव्यांच्या फोटोमागची रात्र
मे सरत आला, की हौशी फोटोग्राफरांची पावलं भंडारदरा, पुरुषवाडीकडे वळतात आणि काजव्यांनी लगडलेल्या झाडांचे फोटो मोबाइलवर येऊ लागतात. मला त्या फोटोंइतकीच त्यामागची हकिगत ऐकावीशी वाटते. उजेड असतानाच फोकस जुळवून लेन्सच्या रिंगवर चिकटपट्टी लावायची, ट्रायपॉड घट्ट रोवायचा, काळोख पडला की 30-30 सेकंदांच्या फ्रेम घेत राहायचं आणि घरी येऊन त्या एकावर एक रचायच्या. म्हणजे फोटोत एकदम दिसणारे ते असंख्य ठिपके तासाभरात जमा झालेले असतात. हे मोकळेपणाने सांगणाऱ्याचा फोटो मला अधिक मोलाचा वाटतो. मध्येच एखाद्या गाडीचे हेडलाइट झाडावर पडतात आणि फ्रेम पांढरीफटक होते. फ्रेम पुन्हा घेता येते हो! पण काजव्यांची लुकलुक ही नर-मादीने एकमेकांना घातलेली साद असते, ती त्या झोतात हरवून जाते. म्हणूनच जाणते हौशी नवख्यांना एक्स्पोजर शिकवण्याआधी बजावतात: टॉर्चला लाल जिलेटिन लावा, पायवाट सोडू नका, गवतात माद्या बसलेल्या असतात.