हॅलोविनच्या यादीतून 'द कॉन्ज्युरिंग' काढा

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की याद्या सुरू होतात. हॅलोविनला बघायचेच असे दहा भयपट, एकट्याने बघू नयेत असे सात भयपट, वगैरे. न्यू जर्सीतले आपले लोक टाकतात, ठाण्या-पुण्यातलेही टाकतात. टाका बापडे. 'परका सण कशाला' या वादात मला काडीचाही रस नाही. भयपट मलाही आवडतात, दिवे घालवून बघतो. माझी तक्रार फक्त एका नावाबद्दल आहे, जे जवळपास प्रत्येक यादीत वरच्या तिनात असतं. 2013 चा 'द कॉन्ज्युरिंग'.

सिनेमा म्हणून तो चांगला बांधलाय, हे आधीच मान्य करतो. कपाटावरून उडी पडते तेव्हा मीही दचकलो. पण त्यातलं भूत कोण आहे, हे आठवून बघा. बॅथशेबा शर्मन. सिनेमा सांगतो की ही बाई चेटकीण होती, तिने स्वतःचं तान्हं बाळ सैतानाला बळी दिलं, झाडाला फास लावून घेतला आणि मरताना जमिनीला शाप दिला. आणि वर पुरावा काय? तर ती सेलमच्या मेरी ईस्टीच्या नात्यातली होती!

इथे माझं डोकं फिरतं. कारण मेरी ईस्टी ही कुणा लेखकाच्या डोक्यातून आलेली बाई नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या खटल्यांत 22 सप्टेंबर 1692 रोजी तिला फाशी दिली गेली. वय साठीच्या जवळ, मुलाबाळांची आई. तिची सख्खी बहीण रिबेका नर्स दोन महिने आधीच फासावर गेली होती. पुरावा काय होता? गावातल्या काही मुली म्हणाल्या की या बाईची छाया येऊन आम्हाला छळते. चौकशीत मेरीने हात जुळवले, तर एका मुलीच्या हाताच्या मुठी वळल्या. झाला पुरावा! मरणाआधी मेरीने न्यायाधीशांना अर्ज लिहिला. त्यात स्वतःचा जीव मागितला नाही. माझं मरण ठरलंय हे मला माहीत आहे, पण यापुढे निरपराधांचं रक्त सांडू नका, एवढंच मागितलं.

एकूण 19 जणांना फाशी झाली. एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. जाळलं कुणालाच नाही, तो समज चुकीचा आहे. 1692 च्या ऑक्टोबरअखेर, म्हणजे आपल्या याद्या निघतात त्याच सुमारास, गव्हर्नर विल्यम फिप्सने ते न्यायालय गुंडाळलं. नंतरच्या न्यायालयाने 'छाया दिसली' हा पुरावा मानायचं बंद केलं आणि 1711 मध्ये मेरीसह अनेकांच्या नावावरचा कलंक सरकारी कायद्याने पुसला गेला. शेवटची बाई एलिझाबेथ जॉन्सन. तिचं नाव राहून गेलं होतं, ते एका शाळेतल्या मुलांनी पाठपुरावा करून 2022 मध्ये मोकळं करून घेतलं. तीनशेतीस वर्षं लागली!

आणि हॉलिवूडने काय केलं? जो पुरावा तिथल्या न्यायालयानेच टाकून दिला, तो उचलून पुन्हा खरा ठरवला. मेरीच्या नात्यातली म्हणून दुसरी बाईही चेटकीण, म्हणजे मेरी चेटकीण होती हे गृहीतच. आणि वर पाटी, सत्यकथेवर आधारित.

बॅथशेबा शर्मनसुद्धा खरी बाई होती. ऱ्होड आयलंडमधली साधी संसारी बाई, 1885 मध्ये म्हातारपणी वारली. तिच्यावर चेटकाचा खटला चालल्याची कसलीही नोंद नाही. सिनेमानंतर तिच्या थडग्याचा दगड लोकांनी फोडला. त्या जुन्या घरात तेव्हा राहणाऱ्या मालकांना रात्री-बेरात्री येणाऱ्या हौशी लोकांचा इतका ताप झाला की त्यांनी वॉर्नर ब्रदर्सवर दावा लावला.

आता कुणीतरी म्हणणारच, अहो, सिनेमा आहे, सोडा ना. सोडतो. 'द विच' मध्येही चेटकीण खरीच दाखवलीय, तो मी दोनदा बघितला. कारण तिथे कुणा मेलेल्या खऱ्या बाईचं नाव वापरलेलं नाही. कल्पनेतली चेटकीण हवी तेवढी रंगवा. पण निर्दोष ठरलेल्या बाईला नावानिशी पुन्हा दोषी ठरवायचं आणि त्यावर तिकिटं विकायची, याला कल्पनाशक्ती म्हणत नाहीत.

आणि हे आपल्याला का लागावं? कारण आपल्याकडे ही गोष्ट 1692 ची नाही. सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, जीवही घेतला जातो. देशाच्या गुन्हे-नोंदीत खुनाच्या कारणांमध्ये 'चेटूक' हा वेगळा रकाना आजही आहे. 'कॉन्ज्युरिंग' आला त्याच वर्षी, 20 ऑगस्टला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने गाईचं दूध आटवते असं पसरवून तिचं जगणं मुश्किल करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. म्हणजे शेजारणीबद्दल जे बोललं तर तुरुंग, तेच अमेरिकेतल्या मेलेल्या बाईबद्दल बोललं की सुपरहिट!

मग बघायचं काय? माझी यादी घ्या. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', 1968. नायक काळा माणूस, रात्रभर मुडद्यांशी झुंजून जगतो आणि सकाळी वाचवायला आलेल्या गोऱ्या बंदूकवाल्यांच्या गोळीने मरतो. (इतकी वर्षं झाली, शेवट सांगितला म्हणून ओरडू नका.) वितरकाने नाव बदलताना कॉपीराइटची ओळ राहून गेली, म्हणून अमेरिकेत तो फुकट आहे. 'गेट आउट', 2017. गोड हसून माणसाचं शरीर बळकावणारं सभ्य घर. आणि आपला 'लपाछपी', तोही 2017 चा. उसाच्या फडातलं घर आणि मुलगी नको म्हणणारी माणसं. तिन्हींत भीती खरी आहे, कारण ती जमावाची, घराची, माणसांची आहे. मारली गेलेली बाई तिथे गुन्हेगार ठरत नाही.

भयपट जरूर बघा. पण कंदील लावून सेलमची मजा करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, त्या गोष्टीत भूत कुणीच नव्हतं. घाबरलेलं गाव होतं, आणि त्या गावाच्या हातात दोर होता.

तुमच्या यादीत काय आहे ते खाली लिहा. 'कॉन्ज्युरिंग' लिहिलंत तर भांडायला मी आहेच.