गेबिर्तिगचे नाव कोणी पुसले?

मोर्देखाय गेबिर्तिग हा पोलंडमधल्या क्राकोचा गरीब ज्यू सुतार. दिवसा जुने फर्निचर दुरुस्त करायचे आणि उरल्या वेळात यिद्दिश भाषेत गाणी रचायची, असे त्याचे आयुष्य. त्याला नोटेशन येत नव्हते. चाल तो पाव्यावर बसवी आणि जाणकार मित्र ती कागदावर उतरवून घेत. 1936 साली प्शितिक गावात ज्यूंवर हल्ला झाला, त्या घटनेने हादरून त्याने जळत्या गावाचे गाणे रचले. 4 जून 1942 रोजी नाझींनी त्याला क्राकोच्या घेट्टोत गोळी घातली.

आज अशा माणसाचे गाणे ध्वनिमुद्रित होते तेव्हा त्याच्या नावाच्या जागी कित्येकदा 'पारंपरिक' एवढेच छापलेले असते. याला अज्ञान म्हणून माफ करायला मी तयार नाही. नाव सापडले की परवाना घ्यावा लागतो, रॉयल्टी द्यावी लागते. म्हणून नाव शोधलेच जात नाही. युरोपात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षे हक्क टिकतो, म्हणजे गेबिर्तिगचा 2012 अखेरपर्यंत होता. त्याचा जीव नाझींनी घेतला. नाव मात्र त्याच्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी पुसले.

गेबिर्तिग यात एकटा नाही. संगीतकार जेकब सँडलरने 'एली, एली' हे गाणे 1896 साली न्यूयॉर्कच्या यिद्दिश रंगभूमीसाठी रचले. ते जुने पारंपरिक गाणे म्हणून गाजले आणि विकले गेले. सँडलर कोर्टात गेला तेव्हा फार उशीर झाल्याचे कारण देऊन त्याचा दावा फेटाळला गेला. गरिबाला आपल्या गाण्याची चोरी वेळेवर कळत नाही, आणि त्याची शिक्षाही तोच भोगतो.

याच्या उलट लूटही चालते. 'हावा नागिला' या ज्यू गाण्याची चाल साडागुरा गावच्या हसिदी या ज्यू पंथाच्या लोकांची. संगीताचा अभ्यासक इडेलसोन याने ती टिपून घेतली. अशा चालीवर कोणाचीच मालकी नाही. नवी मांडणी करणाऱ्याचा हक्क त्या मांडणीपुरताच. तरीही दोन सुरावटी इकडच्या तिकडे करून आख्खी चाल आपल्या नावावर नोंदवणारे आहेत, आणि त्यांना प्रतिभावंत म्हणून हार घालणारे आपणही आहोत.

हे परदेशातले प्रकरण म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकात मराठीत कीर्तने रचली. त्यांच्या बायकांनी मराठी गाणी घरोघर जपली. आता या समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलमध्ये राहतात आणि ही गाणी येणाऱ्या म्हाताऱ्या बायका थोड्याच उरल्या आहेत. एखाद्या आजींसमोर फोन धरून गाणे टिपायचे, ते अल्बममध्ये घालायचे आणि त्यांना एक प्रतही पाठवायची नाही, हा उघड अन्याय आहे. चाल कितीही जुनी असो, भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम 38 गाणाऱ्याला त्याच्या गायनावर 50 वर्षांचा हक्क देते.

तेव्हा रेकॉर्डिंग करणाऱ्यांनो, 'पारंपरिक' लिहिण्याआधी रचनाकार शोधा. तो सापडला तर त्याच्या वारसांकडून परवाना घ्या. हक्काची मुदत संपली असली तरी नाव छापा. मांडणी तुमची असेल तर मांडणीचेच पैसे घ्या. गाणाऱ्या आजींची लेखी संमती घ्या, त्यांना मानधन द्या. आणि श्रोत्यांनो, गाण्याखाली नाव दिसले नाही तर ते का नाही, हे निर्मात्याला विचारा.